अवकाश-कालाचं तत्त्वज्ञान: बीएस्सीपासून पहिल्या नोकरीपर्यंतची वाट

भौतिकशास्त्र शिकताना काही जणांना एक प्रश्न छळतो. समीकरण सुटलं, उत्तर पुस्तकाशी जुळलं, पण त्यातला ‘अवकाश’ म्हणजे आहे तरी काय? सगळ्या वस्तू काढून घेतल्या तर मागे काही उरेल का? वर्गात विचारलं तर बहुतेक वेळा ‘हे परीक्षेला नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. या प्रश्नावर पूर्णवेळ काम करणारे लोक जगभरच्या विद्यापीठांत आहेत आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. त्या विषयाचं नाव फिलॉसॉफी ऑफ फिजिक्स, म्हणजे भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान. महाराष्ट्रात बीएस्सी किंवा एमएस्सी करणाऱ्यांना तिथवर कसं जायचं हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही, म्हणून हा लेख.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. या क्षेत्राचं दार मार्कांनी उघडत नाही, लेखनाने उघडतं. अर्जासोबत जोडायचा पंधरा-वीस पानांचा निबंध, ज्याला सगळे ‘रायटिंग सॅम्पल’ म्हणतात, तो चांगला असेल तर बाकीच्या उणिवा भरून निघतात. तोच कच्चा असेल तर ९.५ सीजीपीए असूनही नकार येतो. अर्जाची तारीख धरा आणि तिथून १८ महिने मागे मोजा. तयारी त्या दिवशी सुरू व्हायला हवी.

१. विषय नेमका कोणता, ते आधी पक्कं करा

न्यूटनने १६८७ मध्ये पाण्याने भरलेल्या फिरत्या बादलीचं उदाहरण दिलं. पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो, म्हणजे ते ‘खरोखर’ फिरतं आहे. पण कशाच्या तुलनेत? निरपेक्ष अवकाशाच्या, असं न्यूटनचं उत्तर. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१५-१६ मध्ये न्यूटनची बाजू मांडणाऱ्या क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात हे नाकारलं. त्याच्या मते अवकाश ही वस्तूंमधल्या संबंधांची व्यवस्था आहे, वेगळी चीज नाही. हाच वाद सापेक्षता सिद्धान्तात नव्या रूपात आला. १९१३ मध्ये खुद्द आइनस्टाइन ‘होल आर्ग्युमेंट’ नावाच्या युक्तिवादात (अवकाश-कालाच्या बिंदूंना वस्तूंवाचून स्वतःचं अस्तित्व आहे का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो) अडकला आणि त्यातून सुटायला त्याला नोव्हेंबर १९१५ उजाडला. जॉन इअरमन आणि जॉन नॉर्टन या तत्त्वज्ञांनी १९८७ मध्ये तो युक्तिवाद पुन्हा वर काढला, आणि आजही त्यावर दरवर्षी नवे पेपर येतात.

म्हणजे इथे नवा सिद्धान्त शोधायचा नसतो. असलेला सिद्धान्त जग कसं आहे असं सांगतो, आणि तसं म्हणायला आधार काय, हे काटेकोरपणे तपासायचं असतं.

एक खड्डा इथेच आहे. वेदान्त आणि क्वांटम यांची सांगड घालणारे अर्ज भारतातून पुष्कळ जातात आणि बाद होतात. साम्य दाखवणं म्हणजे युक्तिवाद करणं नव्हे, हे त्याचं कारण. आपल्याकडे वैशेषिकांनी दिक् आणि काल ही नऊ द्रव्यांपैकी दोन स्वतंत्र द्रव्यं मानली. तो अभ्यास मोलाचा आहे, पण त्याला संस्कृत ग्रंथ मुळातून वाचता यावे लागतात आणि त्याचा मार्गदर्शक वेगळा असतो. दोन्ही एका अर्जात कोंबू नका.

२. भौतिकशास्त्र: किती लागतं?

लोकप्रिय पुस्तकं वाचून भागत नाही. अवकाश-कालावर काम करायचं तर सामान्य सापेक्षता गणितासकट यावी लागते: मॅनिफोल्ड, टेन्सर, कोव्हेरिअंट डेरिव्हेटिव्ह, ली डेरिव्हेटिव्ह, जिओडेसिक, कॉझल स्ट्रक्चर. रॉबर्ट वॉल्डच्या १९८४ च्या पाठ्यपुस्तकातली पहिली चार प्रकरणं उदाहरणांसकट सोडवलीत तर पाया झाला असं समजा. एमएस्सीला हा पेपर ऐच्छिक असेल तर तोच घ्या. नसेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर मोफत व्याख्यानं आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात उन्हाळी प्रकल्प मिळाला तर सोडू नका, तिथल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र पुढे उपयोगी पडतं.

एमएस्सी करायचं की बीएस्सीवरच निघायचं? माझं स्पष्ट मत, एमएस्सी करा. तीन वर्षांची बीएस्सी अमेरिकेतली काही विद्यापीठं अपुरी मानतात. शिवाय त्या दोन वर्षांत तत्त्वज्ञानाची तयारी करायला वेळ मिळतो.

३. तत्त्वज्ञान: रीतसर शिकल्याचा पुरावा हवा

‘मला लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य प्रवेश समितीच्या उपयोगाचं नाही. गुणपत्रिकेवर तत्त्वज्ञानाचे काही पेपर दिसायला हवेत. इथे एक सोपी सोय आहे जी फारच थोड्यांना माहीत असते. २०२२ पासून युजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, त्यातली एक प्रत्यक्ष वर्गातली आणि दुसरी दूरशिक्षणाची चालते. त्यामुळे एमएस्सी फिजिक्स करता करता इग्नूतून एमए फिलॉसॉफी करता येतं. आपलं विद्यापीठ ही तरतूद राबवतं का, हे कचेरीतून लेखी विचारून घ्या. तोंडी ‘हो’वर दोन वर्षं लावू नका.

या एमएचा दुसरा फायदा शेवटच्या पायरीवर कळेल. मात्र त्यासाठी ५५ टक्के पाडावेच लागतील.

स्वतःहून काय शिकायचं: फर्स्ट-ऑर्डर लॉजिक, निदान कम्प्लीटनेस थिअरमपर्यंत. मग विज्ञानाचं तत्त्वज्ञान, थोडी मेटाफिजिक्स आणि ज्ञानमीमांसा. मोफत आणि भरवशाची दोन ठिकाणं म्हणजे स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी आणि पिट्सबर्ग विद्यापीठाचं फिलसाय-आर्काइव्ह. दुसऱ्या ठिकाणी छापून येण्याआधीचे पेपर मिळतात, त्यामुळे महागड्या नियतकालिकांवाचून काम अडत नाही.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्या भाषेत ‘अवकाश’ म्हणजे जागाही आणि मध्ये उरलेला वेळही: ‘परीक्षेला अजून अवकाश आहे.’ आधी मराठीत पाच ओळींत युक्तिवाद मांडायची सवय लावा. मराठीत जो नीट सांगता येत नाही, तो इंग्रजीतल्या जड शब्दांमागे लपतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

४. रायटिंग सॅम्पल

नवखे विद्यार्थी विषय निवडतात ‘काळ हा भास आहे का?’ यावर वीस पानांत काहीच सिद्ध होत नाही. विषय कसा आवळायचा ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ ही ठिकाणं एकमेकांपासून ३ लाख किलोमीटरवर आहेत. ‘अ’वरून बरोबर १२ वाजता प्रकाशाचा किरण सोडला. तो ‘ब’वरच्या आरशावर आपटून १२ वाजून २ सेकंदांनी परत आला. किरण आरशावर पोहोचला तेव्हा ‘अ’च्या घड्याळात किती वाजले होते? आपण चटकन म्हणतो, १२ वाजून १ सेकंद. पण त्यात जाताना आणि येताना वेग सारखाच होता, असं धरलेलं आहे. एका दिशेचा वेग मोजायचा तर दोन्ही ठिकाणची घड्याळं आधी जुळवलेली हवीत, आणि ती जुळवायची कशी हाच तर प्रश्न आहे! १९०५ मध्ये आइनस्टाइनने मधला क्षण व्याख्येने घेतला. पुढे विज्ञानाचा तत्त्वज्ञ रायशेनबाखने म्हटलं, की त्या दोन सेकंदांमधला कुठलाही क्षण चालेल. एकूण वेळेचा जो अंश घ्यायचा त्याला एप्सिलॉन म्हणा. तो शून्य आणि एक यांच्यामध्ये असला म्हणजे झालं, आणि अर्धा घेणं ही निव्वळ सोय.

१९७७ मध्ये डेव्हिड मॅलमेंट या तत्त्वज्ञाने एक प्रमेय मांडलं. फक्त कार्यकारणाची रचना (कोणती घटना कोणत्या घटनेवर परिणाम करू शकते) आणि एका जडत्वीय निरीक्षकाची जगतरेषा (त्याचा अवकाश-कालातला मार्ग) एवढंच हाताशी असेल, तर त्यातून आइनस्टाइनचीच समकालिकता, म्हणजे दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या असं ठरवायची त्याचीच रीत, निघते, दुसरी कुठलीही क्षुल्लक नसलेली व्याख्या बसत नाही. वाद मिटल्यासारखा वाटला. १९९९ मध्ये सहोत्र सरकार आणि जॉन स्टॅचेल यांनी बोट ठेवलं: काळाची दिशा उलटवली तरी समकालिकता बदलता कामा नये, ही अट मॅलमेंटने का घातली? ती काढली तर प्रकाशशंकूवरच्या, म्हणजे एका घटनेशी प्रकाशकिरणाने जोडल्या जाणाऱ्या, घटनांना समकालिक मानणारी व्याख्याही आत येते.

आता तुमचा प्रश्न पाहा: ‘काळ उलटवण्याची ती अट समर्थनीय आहे का?’ हा विषय पाच हजार शब्दांत मावतो. त्याला होय किंवा नाही असं उत्तर आहे, आणि ते देताना तुमचं भौतिकशास्त्र आणि तुमचा युक्तिवाद दोन्ही दिसतात. विषय असा निवडायचा.

मांडणी करताना पहिल्या परिच्छेदातच तुमचा दावा दोन वाक्यांत सांगा. दोन-तीन पानांत वाद समजावून द्या. मग तुमचा युक्तिवाद, आणि त्यानंतर त्यावरचा सगळ्यात जोरकस आक्षेप, इतका जोरकस की विरोधकाने वाचला तर ‘हेच म्हणायचं होतं’ असं त्याला वाटावं. मग त्याला उत्तर. उत्तर अर्धवट असेल तर तसं मान्य करा, त्याने वजन वाढतं.

नेहमी होणाऱ्या चुका: अॅरिस्टॉटलपासून सुरुवात करून चार पानं इतिहासात घालवणं. पाठ्यपुस्तकातली सिद्धता तशीच उतरवणं. पाच लेखकांची मतं सांगून आपलं मत न देणं. आणि एमएस्सीचा प्रोजेक्ट रिपोर्ट सॅम्पल म्हणून पाठवणं, ही तर सर्रास होणारी चूक. त्यात आकडेमोड असते, युक्तिवाद नसतो.

पहिला मसुदा दोन महिन्यांत लिहा आणि निदान चार वेळा नव्याने लिहायची तयारी ठेवा. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात पीएचडी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला तो नम्रपणे पाठवून अभिप्राय मागा. बरेच जण वाचतात.

५. शिफारसपत्रं

सहसा तीन लागतात. तिन्ही भौतिकशास्त्रातली असली तर अर्ज लंगडा पडतो. निदान एक, जमल्यास दोन, तुमचं तत्त्वज्ञानातलं लेखन वाचलेल्या माणसाची हवीत. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागात, तुमच्या विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात किंवा आयसरमध्ये कोण काय शिकवतं ते पाहा आणि वर्षभर आधी ओळख करून घ्या. म्युनिकच्या मॅथेमॅटिकल फिलॉसॉफी केंद्रात विद्यार्थिनींसाठी उन्हाळी शाळा भरते, मुलींनी तिथे जरूर अर्ज करावा.

आपल्याकडे सर किंवा मॅडम म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तसं करू नका. एकाच हातची तीन पत्रं ओळखू येतात. त्याऐवजी त्यांना दोन पानांची टिपणी द्या: कोणता पेपर शिकलात, कशावर चर्चा झाली, निबंधात काय म्हटलं आहे. पत्र ते स्वतः विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवतात, त्यासाठी संस्थेचा ईमेल पत्ता द्या. जीमेलवरून आलेलं पत्र संशयाने पाहिलं जातं. पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं अर्जात विचारतात. ‘हो’ म्हणा, नाहीतर पत्राला किंमत राहत नाही.

६. कुठे अर्ज करायचा

विद्यापीठाचं नाव पाहून जाऊ नका, माणसं पाहून जा. हा विषय मोजक्या ठिकाणीच जोमात आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गचा हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स विभाग आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधला लॉजिक अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स विभाग. कॅनडात ऑन्टारिओतलं वेस्टर्न विद्यापीठ. अमेरिकेतल्या पीएचडीला मास्टर्स सहसा सक्तीची नसते, पाच-सहा वर्षं लागतात आणि शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होऊन मानधन मिळतं. तारखा डिसेंबर ते जानेवारीत संपतात. प्रवेश समिती ठरवते, त्यामुळे प्राध्यापकांना आधी ईमेल करून ‘सीट’ मागायची गरज नसते.

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डला फिलॉसॉफी ऑफ फिजिक्स याच नावाची एक वर्षाची एमएसटी ही मास्टर्स पदवी आहे, केंब्रिजला विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान यात एमफिल. अभ्यास उत्तम, पण फी जबर. पदवी ऑक्टोबरात सुरू होते आणि पीएचडीचे अर्ज डिसेंबरात भरायचे असतात. म्हणजे नव्या शिक्षकांनी तुम्हाला जेमतेम दोन महिने पाहिलेलं असतं. सॅम्पल तयार घेऊनच जा.

जर्मनीत म्युनिकच्या एलएमयू विद्यापीठात लॉजिक अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्सची दोन वर्षांची इंग्रजी माध्यमातली एमए आहे. पैशाची ओढाताण असलेल्यांनी तिचा विचार सगळ्यात आधी करावा. त्याच शहरातल्या टेक्निकल विद्यापीठाने २०२४ पासून युरोपबाहेरच्यांना फी लावली आहे, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका. जर्मनीतली पीएचडी ही बऱ्याचदा पगारी जागा असते आणि तिथे मार्गदर्शकाची संमती आधी लागते.

७. पैसे

विनाअनुदान मास्टर्ससाठी घर गहाण टाकू नका, हे कळकळीने सांगतो. या क्षेत्रातल्या पगारातून ते कर्ज फिटायला फार वर्षं जातात. आधी इनलॅक्स, फेलिक्स, कॉमनवेल्थ, केंब्रिजसाठी गेट्स आणि जर्मनीसाठी डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या पाहा. मुंबईची जे. एन. टाटा एंडाउमेंट देते ती कर्ज-शिष्यवृत्ती असते, म्हणजे परत करावी लागते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि ती बदलत राहते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात ओळ न ओळ वाचा.

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं बँक खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हे पैसे खर्चाचेच असतात, दरमहा तुम्हाला परत मिळतात, पण सुरुवातीला एकरकमी उभे करावे लागतात.

८. कागदपत्रं

- दहावी, बारावी, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र
- विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, निदान पाच प्रती. याला आठवडे लागतात, ऑगस्टमध्येच अर्ज टाका
- पासपोर्ट. त्यावरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव सारखं हवं
- आयईएलटीएस किंवा टोफेल, निकाल दोन वर्षंच चालतो
- एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे का आणि काय शिकायचं याचं निवेदन), एक ते दोन पानं
- रायटिंग सॅम्पल, सीव्ही
- जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला), शुल्क १८,००० रुपये
- ब्रिटनच्या व्हिसासाठी क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला

सगळ्यात जास्त गोंधळ नावाचा होतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं आणि कधी आईचंही नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. फरक असेल तर शपथपत्र आधीच करून ठेवा.

एसओपीत बालपण नको. कोणता प्रश्न, तो का सुटलेला नाही, आजवर त्यावर काय केलंत, आणि हाच विभाग का, एवढंच.

९. पीएचडीची वर्षं

भौतिकशास्त्राची धार बोथट होऊ देऊ नका, तिथल्या विभागातही एखादा वर्ग करत राहा. तिसऱ्या वर्षापर्यंत एक पेपर पाठवलेला असावा. ‘फिलॉसॉफी ऑफ सायन्स’, ‘ब्रिटिश जर्नल फॉर द फिलॉसॉफी ऑफ सायन्स’, ‘स्टडीज इन हिस्टरी अँड फिलॉसॉफी ऑफ सायन्स’, ‘फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स’ ही ओळखीची नियतकालिकं. नकार येतोच, परीक्षकांचे आक्षेप वाचून दुरुस्त करून दुसरीकडे पाठवायचा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकात एकही पेपर देऊ नका, तो सीव्हीवर डाग म्हणून राहतो.

१०. नोकरी

जागा फिलजॉब्स या तत्त्वज्ञानातल्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात, अमेरिकेतल्या बहुतेक ऑगस्ट ते डिसेंबर या काळात. निव्वळ ‘फिलॉसॉफी ऑफ फिजिक्स’ अशा जागा थोड्या असतात. म्हणून लॉजिक, विज्ञानाचं तत्त्वज्ञान आणि शक्य असेल तर नीतिशास्त्राचा एखादा वर्ग शिकवल्याचा अनुभव जोडून ठेवा. अर्जाच्या संचात सीव्ही, कव्हर लेटर, संशोधनाची योजना, अध्यापनाचा तपशील, लेखनाचा नमुना आणि पत्रं असतात. मधली काही वर्षं बहुतेकांची दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकवर जातात. युरोपच्या मारी क्युरी या पोस्टडॉक फेलोशिपला मागच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, त्यामुळे कुठे राहायचं ते त्या हिशेबाने ठरवा.

भारतात परतायचं असेल तर नियम आधी समजून घ्या. युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार तत्त्वज्ञानाच्या सहायक प्राध्यापकाला त्या किंवा संबंधित विषयातली ५५ टक्क्यांची मास्टर्स लागते. एमएस्सी फिजिक्स आणि परदेशी पीएचडी असूनही अर्ज छाननीतच अडकू शकतो. तिसऱ्या पायरीवरच्या त्या इग्नूच्या एमएचा उपयोग इथे होतो. जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मधल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर नेट लागत नाही. आयआयटी आणि आयसर यांचे नियम स्वतःचे असतात, तिथे प्रकाशनांना वजन जास्त. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी एप्रिल २०२५ मध्ये युजीसीने नवे नियम केले आहेत. ते प्रमाणपत्र मुलाखतीची तारीख आल्यावर मागायला जाऊ नका, परतण्याच्या सहा महिने आधी अर्ज टाका आणि त्यासाठी मूळ पदवी, अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्रवेशाचं पत्र विद्यापीठ सोडतानाच शिक्क्यासह घेऊन या.